दार कोण उघडतं

या, असे पुढे येऊन बसा. मागे भिंतीला टेकलात तर अर्धी गोष्ट भिंतच ऐकेल. आज तुम्हाला एका लाकडी खोक्याची आणि चारशे बारा दारांची गोष्ट सांगायची आहे. खोका थोरलीचा, म्हणजे आपल्या गल्लीतल्या सिस्टरचा. थोरली पहिल्यांदा नर्सच्या नोकरीला निघाली तेव्हा तिच्या सुतार वडिलांनी उरलेल्या फळ्या तासून तो करून दिला होता. त्या दिवशी तो रिकामा होता. गोष्ट सुरू होते तेव्हा तो काठोकाठ भरला आहे, थोरली कालच निवृत्त झाली आहे, आणि घरातल्याच माणसांनी त्या खोक्याला हात लावला आहे. प्रेमानं लावला आहे, हे आधीच सांगतो. पुढे तुम्हाला कोणाचा राग आला तर एवढं आठवा.

रविवारची दुपार. थोरलीचा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो; त्या घड्याळजींच्या दुकानावरची राहती खोली. खाली दुकानाला कुलूप होतं, तरी फळ्यांच्या जमिनीतून पन्नासएक घड्याळांची टिकटिक वर येत होती. या घरात पाहुणा आला की पहिला तासभर त्याला वाटतं, बाहेर कोणीतरी बारीक खडी ओततंय. मग कान सरावतो.

जेवणं उरकली होती. थोरली ताटं गोळा करायला उठली तशी भावजयीनं तिला खांदा धरून बसवलं.

"वन्सं, आज तुम्ही काही उचलायचं नाही."

"अगं वहिनी, कालच निवृत्त झालेय. हात नाही गळून पडले."

"ताई, उद्या सकाळी सहाला उठून करणार काय तू?" घड्याळजींनी विचारलं. छप्पन्न वर्षांचा माणूस, पण बहिणीपुढे अजून छोट्याच.

"सहाला उठेन, तुझ्या नावानं एकदा हसेन आणि परत झोपेन. तुझी घड्याळं आता माझं काही वाकडं करू शकत नाहीत, छोट्या."

थोरलीचा नवरा पोस्टमन. त्याला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "माझा अनुभव ऐका. पहिल्या दिवशी सकाळी पाय आपोआप चालायला लागले. मी आपला कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जाऊन आलो. तीस वर्षांची ओळख, पण पेटीनं साधी मान हलवली नाही."

सगळे हसले. भिंगरी मात्र अर्धंच हसली. भिंगरी म्हणजे घड्याळजींची एकुलती एक लेक. पब्लिक हेल्थ नर्सिंगची मोठी पदवी महिन्याभरापूर्वीच तिच्या हातात पडली होती. घरातली पहिली एमएस्सी. आत्याचं शिक्षण साध्या डिप्लोमाचं, पण भिंगरीला नर्सिंगचं वेड लागलं ते आत्याची बॅग बघून. आत्या कोणाच्याही घरात शिरली की आधी कागद अंथरायची, कागदावर बॅग ठेवायची, हात धुवायची आणि मगच बॅग उघडायची. भिंगरी चार वर्षांची असताना बाहुलीपुढे कागद अंथरून तसंच करायची.

घड्याळजी उठले. भिंतीवरच्या बंद लंबकाच्या घड्याळाची काच उघडून त्यांनी आतून पाकीट काढलं. सकाळपासूनची ही तिसरी वेळ.

"जिल्हा आरोग्य कार्यालय, आखणी विभाग," ते वाचायला लागले. "परिचर्या अधिकारी. उद्या, सोमवारी, अकरापर्यंत होकार कळवावा. स्वतंत्र खोली, खिडकीसकट."

"खिडकीसकट असं लिहिलंय पत्रात?" बायकोनं विचारलं. ती शाळेत ग्रंथपाल. न छापलेलं ती सहसा मानत नाही.

"लिहिलं नाहीये. पण अधिकाऱ्याला खिडकी नसते काय?"

"छोट्या, मी पस्तीस वर्षं अधिकाऱ्यांच्या खोल्या बघितल्या आहेत," थोरली म्हणाली. "खिडकी असते. उघडत नाही."

पुन्हा हशा झाला. भिंगरीचा हात मात्र नकळत पर्सवर गेला. तिच्या पर्समध्ये दुसरं पत्र होतं. आत्याच्याच आरोग्य केंद्रावरच्या, आत्याच्याच रिकाम्या झालेल्या जागेचं. त्यालाही उत्तर उद्याच द्यायचं होतं. आईवडिलांना तिनं त्याबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं. ते पत्र फक्त आतोबांना ठाऊक होतं, कारण ते आलं तेव्हा आतोबा नेमके जिन्यात उभे होते, आणि पाकीट बघून आत काय आहे ते ओळखायला त्यांना ते फोडावं लागत नाही. त्यांनी आता नुसती एक भुवई वर केली. भिंगरीनं नजर दुसरीकडे वळवली.

"ते सगळं नंतर," ती म्हणाली. "आधी आत्याची भेट."

आई आणि ती दोघी मिळून आतून खोका घेऊन आल्या. त्याला नवीन पॉलिश केलेलं होतं. झाकण उघडलं तर आत चारशे बारा कार्डं कवायतीला उभी असावीत तशी. एका दाराचं एक कार्ड. मध्ये पांढऱ्या शुभ्र पट्ट्या, त्यांवर ग्रंथपालाच्या सुबक अक्षरात आकडे. एक ते पन्नास. एक्कावन्न ते शंभर. थेट चारशे बारापर्यंत.

"उद्या नऊला तात्पुरती सिस्टर ताबा घ्यायला येणार ना," भिंगरी म्हणाली. "तू खोका पट्ट्या बदलायला म्हणून घरी आणलास, काल तिकडे तुझा निरोप समारंभ चालू होता, म्हटलं आपणच करून टाकू. अख्खा दिवस लागला. आता कुठलंही घर अर्ध्या मिनिटात सापडेल. आधी किती गोंधळ होता गं! तीनच्या मागे एकशे अठरा, त्याच्या मागे सत्तावीस."

थोरलीनं खोक्यात बोट घातलं. कार्डांच्या कडांवरून ते सरकवत नेलं. वीणेच्या तारा जुळल्या आहेत का बघावं तसं. मग ती थांबली.

"जुन्या पट्ट्या कुठायत?"

"त्या? चिंध्या झाल्या होत्या," भावजय म्हणाली. "टाकल्या नाहीत हं. पाकिटात ठेवल्यात. त्यांच्यावर काहीबाही होतं. सासू, शेजारीण असलं. आम्हाला वाटलं जुनाच पुठ्ठा वापरला असेल तुम्ही."

थोरलीनं एक पांढरी पट्टी उचलून पाहिली आणि परत ठेवली. खालची टिकटिक एकदम मोठी झाली.

इथे जरा थांबू या, कारण त्या खोलीत त्या क्षणी सगळेच थांबले होते. ग्रंथपालाला काल संध्याकाळचं आपलंच वाक्य आठवलं. कार्डांचा तो गोंधळ बघून ती लेकीला हळूच म्हणाली होती, "शेवटी शेवटी थकल्या असतील गं बिचाऱ्या." तेव्हा ते मायेनं म्हटलेलं होतं. आता ते तिचं तिलाच टोचलं.

"सासू म्हणजे," थोरली शेवटी म्हणाली, "ज्या घराचं दार सासू उघडते ती घरं. 'ती स्वतः' म्हणजे बाई स्वतः उघडते. मग नवरा, लेक, शेजारीण. आणि 'कोणी नाही' म्हणजे जिथं मागून जावं लागतं. त्यांच्या आतली रांग म्हणजे वेळ. पुढची कार्डं सकाळची, मागची दुपारची. घराचा नंबर काय, तो दारावर लिहिलेलाच असतो. आत कसं शिरायचं ते कुठंच लिहिलेलं नसतं. ते इथं होतं."

"कार्डावर लिहिलं का नाहीस?" भिंगरीचा आवाज बारीक झाला होता.

"कार्डावर त्याला जागा नाही. शिवाय काही गोष्टी लिहायच्या नसतात. एका घरात एक सून आहे. तिचं रोजचं औषध आहे आणि घरात कोणाला ते माहीत नाही. तिच्या दारावर मी आजवर टकटक केलेली नाही. शेजारणीच्या स्वयंपाकघरात आम्ही भेटतो. उद्या नवी सिस्टर नंबर बघेल, सरळ दार वाजवेल, सासू उघडेल आणि विचारेल, कशाबद्दल? त्या दिवसापासून सून गोळ्या बंद करेल. मग एखाद दिवशी जिन्यात तोल जाऊन..." तिनं वाक्य तोडलं. "कोण, काय, ते विचारू नका. तिचं गुपित वाटायला माझं नाही."

"आत्या, माझी केवढी मोठी चूक..."

"चूक कसली? परीक्षेत असं लावलं असतंस तर पैकीच्या पैकी मिळाले असते." ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "चूक माझी. खोका घरी आणायलाच नको होता."

"मी आतलं काही वाचलं नाही हं वन्सं," ग्रंथपाल रडवेली झाली. "फक्त कोपऱ्यातला आकडा."

"ठाऊक आहे वहिनी. तुम्ही पुस्तकंसुद्धा पाठीवरचा आकडा बघूनच ओळखता."

हा टोमणा होता, पण तो ऐकून ग्रंथपालाला बरं वाटलं. टोमणा मारतायत म्हणजे बोलणं तोडलेलं नाही.

घड्याळजींनी घसा खाकरला. "किती वाजले?" या घरात हा प्रश्न विचारण्याची गरज कोणालाच नसते. "अडीच. उद्या सकाळी नऊपर्यंत साडेअठरा तास आहेत. ताई, तुला आठवेल सगळं?"

"बघू," थोरली म्हणाली. "टेबल पुसा."

टेबल पुसलं गेलं. थोरलीनं आधी टेबलावर कागद अंथरला, मग त्यावर खोका ठेवला. सवय ती सवय. तिनं नियम सांगितला. कार्डावरचा नंबर फक्त भिंगरी वाचेल, कारण ती नर्स आहे. बाकीच्यांच्या हातात कार्ड पालथं जाईल. जुन्या सहा पट्ट्या टेबलावर सहा जागी मांडल्या. घड्याळजींकडे सासू आणि नवरा, ग्रंथपालाकडे 'ती स्वतः' आणि लेक, पोस्टमनकडे शेजारीण आणि 'कोणी नाही'.

"सासवा मलाच का?" घड्याळजी म्हणाले.

"तू एकाच सासूला एवढा घाबरत होतास," थोरली म्हणाली, "आता शंभर सांभाळ."

मग तिनं डोळे मिटले.

"एक?"

"ती स्वतः. सकाळी."

"दोन?"

"ती स्वतः. पण अकरानंतर. त्याआधी पाणी येतं, ती दारात येणारच नाही."

"तीन?"

"सासू. दोनदा वाजवायचं. तिसऱ्यांदा वाजवलं की रागावते."

"चार?"

"लेक. आठ वर्षांची आहे. तिच्या बाहुलीला ताप आहे का ते आधी विचारायचं, मग दार पूर्ण उघडतं."

भिंगरी कार्ड देत होती आणि वहीत टिपून घेत होती. तिसाव्या कार्डाच्या सुमारास तिची पेन्सिल खाली पडली. ती उचलायला वाकली तर टेबलाखाली आत्याचे पाय हलत होते. एक पुढे, एक मागे, मधेच थबकून, मधेच पायरी चढल्यासारखे. आत्या आठवत नव्हती, चालत होती. भिंगरी पेन्सिल घेऊन वर आली आणि आत्याच्या चालीनं, तिला दम लागणार नाही अशा बेतानं, नंबर वाचायला लागली.

"सदतीस?"

"नवरा."

"आता ती स्वतः," पोस्टमन म्हणाला. "नवऱ्याची पाळी बदलली. तो दिवसा झोपतो."

थोरलीनं एक डोळा उघडला. "तुम्हाला काय माहीत?"

"तिथं परवापर्यंत पत्रं टाकत होतो मी."

"परवा? दोन वर्षं झाली."

"बरं, जातो अधूनमधून चालायला." पोस्टमननं हातातलं पालथं कार्ड उगाच सारखं केलं. "आणि आता एवढं निघालंच आहे तर सांगून टाकतो. पिशवीत मीही पत्रं नंबरानं लावत नव्हतो. जी म्हातारी खिडकीत वाट बघत असायची तिचं आधी."

"आणि मला तीस वर्षं ऐकवत होता! घराला नंबर कशाला दिलाय म्हणून!"

"भांडण नंबरावरून नव्हतंच. तू खोका जेवणाच्या टेबलावर ठेवायचीस त्यावरून होतं."

ग्रंथपालाला एकदम हसू फुटलं. मग तीही कबूल झाली की शाळेत मुलं ज्या चार पुस्तकांवर तुटून पडतात ती पुस्तकं कपाटात नसतात, तिच्या टेबलाच्या खणात असतात. घड्याळजी सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिले. "म्हणजे या घरात सरळ चालणारा मी एकटाच?" आणि त्यांनी सासवांची चवड घड्याळाच्या काट्यासारखी सरळ केली.

दीडशे झाली. चहा झाला. एकशे ऐंशी झाली. शेजारणीच्या पट्टीमागे ते एक कार्ड कधी जाऊन बसलं ते भिंगरीखेरीज कोणाला कळलं नाही. ते देताना तिचा हात क्षणभर रेंगाळला, एवढंच. बाकी काम असं रंगलं होतं, की कीर्तनात टाळकऱ्यांना मध्यावर जी लय सापडते ती त्या टेबलाला सापडली होती. नंबर, दार, हात, पट्टी. आणि त्या लयीत, एकशे नव्वदाव्या दाराशी, भिंगरीच्या तोंडून निघून गेलं.

"मी केंद्रावरच येणार आहे. आत्याच्या जागेवर."

तिनं पर्समधलं पत्र काढून टेबलावर ठेवलं.

घड्याळजींच्या हातातली सासू सुटून खाली पडली. "काय? एवढं शिकून दारोदार बॅग घेऊन फिरणार?"

"आत्या फिरली की."

"आत्याला दुसरा मार्ग नव्हता! तुला आहे. भिंगरे, तुझ्याच प्रबंधात लिहिलंयस तू. बारा वर्षांत अठ्ठावन्न जणी तुझ्या कोर्समधून बाहेर पडल्या. एकतीस कॉलेजात शिकवतात, चौदा मोठ्या रुग्णालयांत, सहा परदेशात, चार घरी. आणि गल्लीत किती? तीन! मला पाठ आहे."

"म्हणूनच. मला चौथी व्हायचंय. काल मी एका दिवसात काय मोडलं ते बघितलंत ना? मी इथं असते तर ते मोडलं नसतं."

"ती प्रायश्चित्त घेतेय," पोस्टमन हळूच म्हणाला.

"घेऊ दे की," ग्रंथपाल म्हणाली आणि घड्याळजींनी चमकून बायकोकडे पाहिलं. सकाळपर्यंत ती खिडकीच्या बाजूची होती. "माझाही हात होता त्यात. निदान एकीनं तरी भरून काढावं."

"अगं, भरून काढायला आयुष्य द्यायचं?"

सगळे थोरलीकडे बघायला लागले. तिनं डोळे मिटलेलेच होते.

"पुढचं कार्ड," ती म्हणाली.

भिंगरीनं ओठ चावला आणि वाचत राहिली. दोनशे एक. दोनशे दोन. दोनशे तीन.

"दोनशे चार?"

थोरलीचे पाय थांबले.

"दोनशे चार," भिंगरीनं पुन्हा म्हटलं.

"हिरवं दार," थोरली म्हणाली. "पायरी तुटलेली. आणि..." तिच्या कपाळावर आठ्या आल्या. "आणि कोण? मी वाजवते. आणि कोण येतं?"

पोस्टमननं हातातलं कार्ड खाली ठेवून बायकोचा चेहरा पाहिला. ही बाई काहीही विसरली तरी दार विसरत नाही, हे त्याला पस्तीस वर्षं माहीत होतं. त्यानं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. अधूनमधून तिकडे चालायला जात असल्यानं त्याला उत्तर माहीत होतं. पण बायकोला ते टेबलावर बसून कळू नये असं त्याला वाटलं.

"जाऊन बघा ना," तो म्हणाला. "उजेड आहे अजून. दहा मिनिटांचं अंतर. भिंगरे, तू जा बरोबर. आम्ही चवडी राखतो."

दोघी निघाल्या. थोरलीनं सवयीनं बॅग खांद्याला लावली. संध्याकाळचं ऊन गल्लीच्या एका बाजूच्या भिंतींवर चढलं होतं. दारादारांतून हाका येत होत्या. "सिस्टर, आज रविवारी?" "सिस्टर, उद्यापासून येणार नाही म्हणे?" थोरली हात हलवत चालत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. भिंगरीला दिसत होतं, आत्या घाबरली आहे.

हिरवं दार. तुटकी पायरी.

"तू वाजव," थोरली म्हणाली आणि एक पाऊल मागे सरली.

भिंगरीनं वाजवलं. बराच वेळ काही नाही. मग आतून घासत येणारी पावलं आली, आणि दार उघडून एक उंच, वाकलेला म्हातारा उभा राहिला. जुना बस कंडक्टर. शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात गेलेलं. त्यानं भिंगरीच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"सिस्टर! या, या. पुढे सरका, पुढे जागा आहे." जन्मभर म्हटलेलं वाक्य त्याच्या जिभेला चिकटलेलं होतं.

"आणि ती?" थोरलीनं विचारलं. पण विचारतानाच तिला कळलं.

"गेली हो. पाच आठवडे झाले. झोपेतच गेली. तुम्ही रजेवर होतात, त्यांनी सांगितलं केंद्रावर."

निवृत्तीआधी उरलेली रजा. त्या रजेतच ते घडलं होतं. थोरली विसरली नव्हती. तिच्या आतल्या गल्लीत तिनं ते दार वाजवलं होतं आणि उघडायला कोणी आलंच नव्हतं. कसं कोण जाणे, पण पायांना आधी कळलं होतं. ती त्याच्या शेजारी बाकावर बसली आणि तिनं त्याचा हात हातात घेतला.

"तिच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या उरल्यात," कंडक्टर म्हणाला. "परत द्यायच्या असतात ना? मी वाट बघत होतो कोणी येईल म्हणून."

भिंगरीनं कागद अंथरला, बॅग ठेवली, हात धुतले. म्हाताऱ्याची नाडी मोजली. ब्लडप्रेशर बघितलं, पुन्हा बघितलं. घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला. "काका, ही सूज कधीपासून?"

"असेल बरेच दिवस. मला कोण विचारतंय?" तो तक्रार करत नव्हता, नुसतं सांगत होता. "कार्ड तिचं होतं. ती दार उघडायची. मी आपला मागे उभा असायचो."

भिंगरीनं बरोबर आणलेलं दोनशे चारचं कार्ड उलटसुलट करून बघितलं. घरच्या बाईचं नाव, मुलांची नावं, बाळंतपणं, लसी, तिच्या गोळ्या. मागे उभ्या असलेल्या माणसाला त्या कार्डात कुठंच जागा नव्हती. उद्या नऊ वाजता केंद्रावर यायचं असं त्याच्याकडून कबूल करून घेऊन, चुकलेलं बटण नीट लावून देऊन दोघी निघाल्या.

दोघी गल्लीच्या तोंडाशी आल्या.

"बघितलंस?" भिंगरी म्हणाली. "म्हणूनच मला इथं यायचंय."

"म्हणूनच तू इथं यायचं नाहीस," थोरली म्हणाली.

भिंगरी थांबलीच.

"तू इथं आलीस तर ही चारशे बारा दारं तुला माझ्यापेक्षा छान पाठ होतील. आणि तू निवृत्त झालीस की पुन्हा कोणीतरी प्रेमानं खोका नीट लावून ठेवेल. कार्ड कुठं छापतात माहितीये? आखणी विभागात. मी तिकडे सतरा वेळा अर्ज पाठवला, की बाबांनो, एक ओळ वाढवा. दार कोण उघडतं, एवढीच. सतराही वेळा उत्तर आलं, सूचनेची नोंद घेतली आहे. माझ्याकडे डिप्लोमा. माझी ओळ कोण छापणार? तुझ्याकडे पदवी आहे. तिथं बस आणि छाप."

"पण मग मीही त्या पंचावन्नांतलीच झाले, आत्या. सोडून गेलेल्यांतली."

"त्या वाया गेल्या असं तुला कोणी सांगितलं? तुझ्या प्रबंधात एक रकाना कमी पडला बघ. त्या गेल्या कुठं ते तू विचारलंस. तिथून गल्लीला परत काय पाठवलं, ते विचारलंच नाहीस."

भिंगरी पन्नासएक पावलं चालत राहिली. मग म्हणाली, "पण महिन्यातून एक दिवस मी गल्लीत फिरणार. नव्या सिस्टरबरोबर. त्यांना आवडो न आवडो."

"फीर. खिडकी उघडत नाही त्यांची. हवा लागेल तुला."

वर खोलीत तिघंही चवडींवर हात ठेवून तसेच बसले होते, जणू वारा आला असता. पोस्टमननं थोरलीच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तिला पाण्याचा पेला दिला. ग्रंथपालानं विचारलं, "मग? दोनशे चार कोणत्या पट्टीत?"

"नवीन पट्टी लागेल, आई," भिंगरी म्हणाली. "लिही. 'मागे उभा असतो'."

ग्रंथपालानं आपल्या सुबक अक्षरात ते लिहिलं. घड्याळजींनी केंद्राच्या पत्राकडे बोट दाखवलं. "आणि हे?"

"त्यांना नकार कळवते, बाबा. तुमच्या खिडकीला होकार."

घड्याळजींचा चेहरा फुलला, पण ते म्हणाले एवढंच, "उशीर नको. अकरा म्हणजे अकरा." मग त्यांनी सासवांची चवड पुन्हा सरळ केली. थोरलीनं डोळे मिटले आणि टेबलाखाली पाय चालायला लागले. दोनशे पाच. रात्रीच्या जेवणाआधी चारशे बारावं दार झालं. नव्या पट्टीमागे तोवर सात कार्डं जमली होती.

ती ओळ छापून यायला दोन वर्षं आणि बारा बैठका लागल्या. आज ती कार्डावर आहे, अगदी वर, बारीक अक्षरात. दार कोण उघडतं? आणि तिच्या खाली दुसरी, जी मागायचं थोरलीलाही सुचलं नव्हतं. मागे कोण उभं असतं?

आता उठा, रात्र व्हायच्या आत घरी पोचा. देव तुमचं दार उघडं ठेवो. पण कधी कोणी सिस्टर बॅग घेऊन तुमच्याकडे आली, कागद अंथरून तिनं त्या दोन ओळी वाचल्या, तर चुकीच्या काजात बटण घातलेल्या त्या कंडक्टरची आठवण ठेवा. एकदा मागे वळून बघा, आणि जो कोणी तिथं उभा असेल त्याला म्हणा, पुढे सरका, पुढे जागा आहे.